एक्सेल आणि स्क्रिप्टने ब्लॉक हलवले, ते भलतीकडे गेले: ऑटोकॅडमधल्या नेहमीच्या घोळाचं समस्या निवारण

सांगली, मिरज, कुपवाडच्या ड्राफ्टिंग ऑफिसांत हे काम रोजचं आहे. एनए (बिगरशेती) लेआउटमध्ये दिव्यांचे खांब, झाडं, चेंबर मिळून दोन-तीनशे ब्लॉक (एकसंध चिन्हं) असतात आणि जागा बदलल्याचा निरोप संध्याकाळी साडेपाचला येतो. एकेक ब्लॉक ओढत बसण्यापेक्षा नंबर, एक्स आणि वाय एक्सेलमध्ये घ्यायचे, तिथे आकडे बदलायचे आणि स्क्रिप्ट (कमांडच्या ओळींची फाइल) चालवून सगळं एकदम हलवायचं. तासगावकडे द्राक्षबागांच्या ड्रिपचे नकाशे करणारेही असंच करतात. पद्धत चांगली आहे, पण ती बिघडते तेव्हा ठरावीक आठ-दहा कारणांनीच बिघडते. वस्तू किती अंतर आणि कुठल्या दिशेला चुकली हे आधी मोजलं, तर कारण बहुतेक वेळा तिथेच कळतं. न मोजता स्क्रिप्ट पुन्हा चालवली की गुंता वाढतो.

लक्षणं

- बहुतेक ब्लॉक बरोबर, पण काही हात-दीड हात चुकलेले आणि जवळच्या रेषेच्या टोकाला चिकटलेले: ऑब्जेक्ट स्नॅप (टोकाला, छेदाला आपोआप चिकटण्याची सोय).
- सगळे ब्लॉक एकाच दिशेला, एकाच अंतराने चुकलेले: यूसीएस (वापरणाऱ्याने ठरवलेले अक्ष) किंवा सर्व्हेचा मूळ बिंदू.
- हवं त्याच्या बरोबर दुप्पट हललेले: स्क्रिप्ट दोनदा चालली.
- एखाददुसरा ब्लॉक इतका लांब गेला, की झूम एक्स्टेंट्स केल्यावर लेआउट ठिपक्याएवढा दिसतो: रिकामी ओळ, जादा स्पेस, किंवा एक्स-वायची अदलाबदल.
- १४ नंबरचा खांब ४१च्या जागी: शीटमधलं सॉर्टिंग.
- काही ब्लॉक हललेच नाहीत: लॉक केलेला लेयर किंवा बिघडलेलं हँडल (ऑटोकॅडने प्रत्येक वस्तूला दिलेला ओळख क्रमांक).
- खांब गेला, नंबर जुन्याच जागी राहिला: लिस्पने (ऑटोकॅडच्या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या कोडने) फक्त ब्लॉकचा बिंदू बदलला.
- सगळेच थोडे थोडे, अर्ध्या मीटरच्या आत चुकलेले: आकडे गोल झाले.

हात लावण्याआधी

फाइलची कॉपी करा. मग अनडू कमांडमध्ये मार्क टाका. मार्क असेल तर अनडूमधलं बॅक एकाच वेळी सगळं मागे आणतं.

आता बरोबर गेलेला एक, चुकलेला एक आणि न हललेला एक असे तीन ब्लॉक घ्या. लिस्ट कमांडने त्यांचे बिंदू वाचून शीटमधल्या आकड्यांशेजारी लिहा आणि फरक काढा. पाच मिनिटांचं काम आहे. पुढचं सगळं निदान या तीन ओळींवर उभं आहे, म्हणून ही पायरी टाळू नका.

१. ऑब्जेक्ट स्नॅप (खर्च: एक बटण)

सगळ्यात जास्त वेळा दोषी हाच असतो आणि सगळ्यात कमी वेळा संशय याच्यावर जातो, कारण हाताने आकडे टाइप केले की सगळं बरोबर येतं.

ओस्नॅपकोऑर्ड नावाचं एक सिस्टीम व्हेरिएबल आहे. त्याची किंमत ० असेल तर चालू स्नॅप टाइप केलेल्या आकड्यांवर मात करतो. १ असेल तर टाइप केलेला आकडा जिंकतो. २ असेल तर आकडा जिंकतो, पण स्क्रिप्ट सोडून. मूळ किंमत २ असते. म्हणजे तुम्ही स्वतः टाइप केलं तर सुरक्षित, आणि तेच आकडे स्क्रिप्टमधून आले तर जवळचं एंडपॉइंट किंवा इंटरसेक्शन ते खेचून घेतं.

किती जवळचं, हे झूमवर ठरतं, कारण स्नॅपची पोच पिक्सेलमध्ये मोजली जाते. पाच एकरांचा चौरस लेआउट एका बाजूला साधारण १४२ मीटर भरतो. तो हजार पिक्सेल उंचीच्या खिडकीत पूर्ण दिसत असेल तर एक पिक्सेल म्हणजे १४ सेंमी, आणि दहा पिक्सेलची पोच म्हणजे जवळजवळ दीड मीटर. तीच स्क्रिप्ट आत झूम करून चालवली तर निकाल वेगळा येतो. ‘काल चाललं, आज नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा एवढंच असतं.

तात्पुरता उपाय म्हणजे एफ-३ दाबून स्नॅप बंद करणं. कायमचा हवा असेल तर ओस्नॅपकोऑर्ड १ करा, किंवा स्क्रिप्टमध्ये प्रत्येक बिंदूच्या आधी एन-ओ-एन (म्हणजे नन, स्नॅप नको) हा स्नॅप शब्द घाला. मला तिसरा मार्ग पटतो. सेटिंग कोणीतरी बदलतंच, स्क्रिप्टमधला शब्द मात्र फाइलबरोबर जातो. लिस्पमधून मूव्ह कमांड चालवत असाल तरी स्नॅपचा त्रास होतो. तिथे ओसमोडची (चालू स्नॅप साठवणाऱ्या व्हेरिएबलची) जुनी किंमत जपून ठेवा, ० करा, काम झालं की परत टाका. लिस्प मध्येच एररने थांबली तर ओसमोड ० वरच राहतो आणि शेजारचा ड्राफ्ट्समन स्नॅप गेला म्हणून ओरडतो, हे लक्षात असू द्या.

२. यूसीएस

प्लॉट रस्त्याला तिरका असला की काम सोपं जावं म्हणून यूसीएस फिरवून ठेवलेला असतो. डेटाएक्स्ट्रॅक्शनने (ब्लॉकची माहिती टेबलात काढणाऱ्या कमांडने) काढलेले एक्स-वाय वर्ल्डचे, म्हणजे ड्रॉइंगच्या मूळ अक्षांतले, असतात, तर स्क्रिप्टमधून दिलेले आकडे चालू यूसीएसमध्ये वाचले जातात. मूळ बिंदू सरकवलेला असला आणि ब्लॉक थेट नव्या बिंदूवर बसवत असाल, तर सगळे एकसारखे सरकतात. यूसीएस फिरवलेला असेल तर प्रत्येक ब्लॉक वेगळ्या दिशेला गेल्यासारखा वाटतो, पण विस्थापनाची लांबी बरोबर निघते. अंतर बरोबर आणि दिशा चूक दिसली की दुसरीकडे शोधू नका. यूसीएस वर्ल्ड करा, मग स्क्रिप्ट चालवा. नकाशा तिरकाच बघायचा असेल तर आकड्याआधी तारांकन चिन्ह द्या, तो बिंदू वर्ल्डमध्ये धरला जातो.

३. लेयर

लॉक केलेल्या लेयरवरची वस्तू हलत नाही. एफ-२ दाबून टेक्स्ट विंडो उघडा, तिथे ती लॉक लेयरवर असल्याची ओळ दिसेल. त्रास एवढ्यावर थांबत नाही. निवड रिकामी राहिल्यामुळे मूव्ह संपते किंवा पुन्हा निवड मागत राहते, आणि पुढचे आकडे भलत्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून जातात. पहिली चूक शोधा. तिच्याखालचे एरर वाचत बसू नका.

४. शीट

घोळ घालायला इथे भरपूर वाव आहे, म्हणून जरा थांबून बघा.

आधी एक गैरसमज. डेटाएक्स्ट्रॅक्शनचं टेबल एक्सेलला जोडलेलं असलं तरी शीटमध्ये बदललेला एक्स ब्लॉकला हलवत नाही. अ‍ॅटआउट-अ‍ॅटइन ही (ब्लॉकमधली माहिती फाइलमध्ये काढणारी आणि परत आणणारी) जोडी फक्त अ‍ॅट्रिब्यूट (ब्लॉकमध्ये लिहिलेला नंबर-मजकूर) परत नेते, जागा नेत नाही. जागा बदलायला स्क्रिप्ट किंवा लिस्पच लागते. शिवाय डेटाएक्स्ट्रॅक्शन एक्स-वाय देतं पण हँडल देत नाही, आणि अ‍ॅटआउट हँडल देतं पण एक्स-वाय देत नाही. दोन्ही शीट खांब नंबरावर जोडाव्या लागतात, तेव्हा तो नंबर प्रत्येक ब्लॉकला वेगळा असलाच पाहिजे. डेटाएक्स्ट्रॅक्शनमध्ये सारख्या ओळी एकत्र करण्याची खूण असते, ती काढा. नाहीतर दोन तंतोतंत सारखे ब्लॉक एकाच ओळीत येतात आणि हिशेब चुकतो.

*हँडल.* हँडल म्हणजे सोळाच्या पायाचा आकडा: ० ते ९ आणि ए ते एफ. त्यात मध्ये ई आला आणि बाकी सगळे अंक असले, की एक्सेल त्याला दहाचा घात समजतं. २ई३ चे २००० होतात. एकदा सेव्ह झालं की मूळ हँडल २ई३ होतं, २०ई२ होतं की २००ई१, हे कोणीच सांगू शकत नाही. अ‍ॅटआउट हँडलच्या आधी एकेरी अवतरण चिन्ह टाकतं ते याचसाठी, ‘नीटनेटकं’ करायच्या नादात ते काढू नका. सीएसव्ही डबल क्लिकने न उघडता डेटा टॅबमधून आयात करा आणि हँडलच्या कॉलमला टेक्स्ट द्या. तीनशेपैकी दोन-चारच ब्लॉक हलत नसतील तर आधी त्यांची हँडलं बघा.

*सॉर्टिंग.* एकच कॉलम निवडून सॉर्ट केला आणि एक्सेलने विचारल्यावर निवड वाढवली नाही, तर नंबर एकीकडे आणि आकडे दुसरीकडे जातात. प्रत्येक आकडा आपल्या जागी खरा दिसतो, म्हणून नजरेला काही खटकत नाही. ड्रॉइंगमधून काढलेल्या मूळ शीटची एक प्रत हात न लावता ठेवा आणि सॉर्टनंतर चार नंबर तिच्याशी ताडून बघा.

*एक्स आणि वाय.* टोटल स्टेशन किंवा जीपीएसवाल्याची फाइल बऱ्याचदा बिंदू, नॉर्दिंग (उत्तरेकडचं अंतर), ईस्टिंग (पूर्वेकडचं अंतर), उंची, वर्णन या क्रमाने येते. ऑटोकॅडला आधी एक्स म्हणजे ईस्टिंग लागतो. यूटीएम या नकाशा-पद्धतीच्या झोन ४३ मध्ये सांगली शहराचं ईस्टिंग साधारण ४ लाख ५५ हजार आणि नॉर्दिंग १८ लाख ६३ हजारांच्या आसपास असतं. साताऱ्याचं ईस्टिंग ३ लाख ९४ हजार, नॉर्दिंग १९ लाख ५५ हजारांच्या आसपास. मोठा आकडा पहिल्या कॉलममध्ये दिसला की अदलाबदल झालीच समजा. तसाच चालवला तर सांगलीतल्या विश्रामबागचा खांब श्रीलंकेच्या आग्नेयेला समुद्रात उभा राहतो. सर्व्हेअरने १०००, १००० असा स्थानिक मूळ बिंदू धरला असेल तर ही खूण मिळत नाही. तिथे लेआउट कर्णावर आरशात पाहिल्यासारखा उलटा दिसतो.

*स्वल्पविराम आणि दशांश.* सीएसव्ही सेव्ह करताना एक्सेल सेलमध्ये जसं दिसतं तसंच लिहितं. दशांश लपवले असतील तर १८६३०३८.७५ चं १८६३०३९ होऊन जातं आणि ब्लॉक पाव मीटर चुकतो. लाखा-हजारांचे स्वल्पविराम लावले असतील तर १८,६३,०३८.७५ हा एक आकडा ऑटोकॅडला तीन वाटतो: एक्स, वाय आणि झेड. सेल फॉरमॅट साधा नंबर, दशांश किमान तीन, स्वल्पविरामाची खूण बंद. लिस्पने आकडे काढत असाल तर आरटॉस फंक्शनला दशांश सांगा. न सांगितल्यास ते ड्रॉइंगच्या चालू अचूकतेवर, म्हणजे लुप्रेकवर, गोल करतं.

*शिळे आकडे.* शीट सकाळी काढली, दुपारी कोणीतरी दोन खांब हाताने सरकवले आणि संध्याकाळी स्क्रिप्ट चालवली. स्क्रिप्ट जुन्या बिंदूपासून नव्या बिंदूपर्यंतचं अंतर हलवते, त्यामुळे ते दोन खांब दुपारच्या सरकवण्याइतकेच चुकतात. शीट काढल्यापासून स्क्रिप्ट चालेपर्यंत त्या फाइलला कोणी हात लावायचा नाही, हे ऑफिसात सांगून ठेवा.

५. स्क्रिप्टची फाइल

स्क्रिप्टमध्ये प्रत्येक स्पेस आणि प्रत्येक नवी ओळ म्हणजे एक एंटर. एवढं एक वाक्य पक्कं असलं तरी निम्मे घोळ सुटतात.

एका ब्लॉकसाठी पाच ओळी ठेवा. पहिलीत मूव्ह. दुसरीत कंसात हँडेंट (हँडलवरून वस्तू शोधणारं लिस्प फंक्शन) आणि अवतरणात हँडल. तिसरी रिकामी, तिने निवड संपते. चौथीत एन-ओ-एन, एक स्पेस, जुना एक्स-वाय. पाचवीत तसाच नवा एक्स-वाय. सगळं एका ओळीत लिहिता येतं, पण मग चुकलेली स्पेस डोळ्याला दिसत नाही.

चौथ्या ओळीच्या शेवटी एक स्पेस चुकून राहिली तर काय होतं बघा. जुना बिंदू ४५५२१२.४०, १८६३०३८.७५. स्पेसने तो बिंदू दिला गेला आणि ओळ संपताना आणखी एक एंटर गेला. मूव्हमध्ये दुसऱ्या बिंदूऐवजी एंटर म्हणजे ‘पहिला बिंदूच विस्थापन धरा’. ब्लॉक आहे तिथून आणखी तेवढाच सरकतो आणि ९१०४२४.८०, ३७२६०७७.५० वर जाऊन बसतो. पाचवी ओळ रिकाम्या कमांड प्रॉम्प्टवर येते आणि अननोन कमांडचा एरर देते. म्हणून ब्लॉकची जागा बरोबर दुप्पट आकड्यांवर असेल तर नोटपॅडमध्ये शोधा-बदलाने ओळींच्या शेवटच्या स्पेस काढा. एक्सेलमध्ये ओळ जोडतानाच ट्रिम वापरला तर हा प्रश्न येतच नाही.

जादा रिकाम्या ओळीचा त्रास वेगळा असतो. प्रॉम्प्टवर नुसता एंटर म्हणजे मागची कमांड पुन्हा. मूव्ह न मागता सुरू होते आणि पुढचं सगळं एका पायरीने घसरतं.

पहिल्याच ओळीला अननोन कमांड आलं, पण ओळ डोळ्याला बरोबर दिसते? फाइल यूटीएफ-८ बीओएमसह (सुरुवातीला न दिसणाऱ्या खुणेसह) सेव्ह झाली असेल. एन्कोडिंग अ‍ॅन्सी करून पुन्हा सेव्ह करा. स्क्रिप्ट दिसतच नसेल तर नोटपॅडने नावाच्या शेवटी टीएक्सटी जोडलं असेल. आणि या फाइलवर एक्सप्लोररमध्ये डबल क्लिक करू नका. विंडोजमध्ये हेच एक्स्टेन्शन स्क्रीनसेव्हरचं आहे, त्यामुळे मेल आणि अँटीव्हायरसही तिला अडवतात.

स्क्रिप्ट अर्ध्यात थांबली तर पुन्हा पहिल्यापासून चालवायची नाही. आधीच हललेले वरचे खांब दुप्पट हलतील आणि खालचे बरोबर जातील, मग कोणते कुठले हे शोधण्यात दिवस जातो. एक तर अनडू बॅक करून नव्याने चालवा, नाहीतर चूक दुरुस्त करून उरलेल्या ओळींची वेगळी फाइल करा. एस्केप दाबून तुम्हीच थांबवली असेल तर रिझ्यूमने ती पुढे चालते.

६. एकक

चुकलेल्या ब्लॉकच्या अंतराला अपेक्षित अंतराने भागा. १००० आलं तर मिलिमीटर आणि मीटर. ३.२८ आलं तर फूट आणि मीटर. सर्व्हे मीटरमध्ये आणि मालकाचा कच्चा नकाशा फुटात, हे आपल्याकडे सर्रास होतं. रूपांतर शीटमध्ये, वेगळ्या कॉलममध्ये करा. ड्रॉइंग स्केल करून एकक जुळवलं तर पुढची प्रत्येक शीट बिघडते.

उंचीचंही पाहा. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. सर्व्हेचे ब्लॉक त्या झेडवर असतात. जुन्या बिंदूत झेड दिला आणि नव्यात दिला नाही, तर वरून सगळं ठीक दिसतं आणि ब्लॉक मात्र साडेपाचशे मीटर खाली गेलेला असतो. दोन्ही बिंदूंत झेड द्या किंवा दोन्हींत देऊ नका.

७. नंबर मागे राहिला

खांब गेला आणि त्याचा नंबर जुन्या जागी लटकला असेल, तर लिस्पमध्ये एंटमॉडने (वस्तूची माहिती बदलणाऱ्या फंक्शनने) ब्लॉकचा फक्त १० क्रमांकाचा डीएक्सएफ बिंदू, म्हणजे बसवण्याचा बिंदू, बदललेला आहे. अ‍ॅट्रिब्यूटला स्वतःचा बिंदू असतो, तो आपोआप येत नाही. मूव्ह कमांड किंवा लिस्पमधलं व्हीएलए-मूव्ह वापरा, त्यात अ‍ॅट्रिब्यूट बरोबर हलतात. नुकसान आधीच झालं असेल तर अ‍ॅटसिंक नंबर परत जागेवर आणतं. पण गर्दीच्या चौकात तुम्ही हाताने बाजूला सरकवलेले नंबरही ते मूळ जागी नेऊन ठेवतं, त्यामुळे आधी विचार करा.

८. वेगळ्या जातीचे ब्लॉक

एक्सरेफमधले (जोडलेल्या दुसऱ्या ड्रॉइंगमधले) ब्लॉक इथून हलत नाहीत, मूळ फाइल उघडावी लागते. असोसिएटिव्ह अ‍ॅरेतली झाडं (एकत्र बांधलेल्या रांगेतली) सुटी नसतात, आधी अ‍ॅरे फोडावा लागतो. एका फाइलची हँडलं दुसऱ्या फाइलमध्ये चालत नाहीत. ब्लॉक कॉपी-पेस्ट करून नव्या ड्रॉइंगमध्ये आणले असतील तर शीट पुन्हा काढा, जुगाड करू नका.

एखाद्या ब्लॉकचा एक्स उलट चिन्हाने येत असेल तर लिस्टमध्ये एक्स्ट्रूजनची दिशा (ब्लॉकची वरची बाजू कुठे आहे ते) बघा. झेड उणे १ असेल तर ब्लॉक उलटा पडलेला आहे. बहुधा मिरर-थ्रीडी झालं आहे किंवा फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आली आहे. एंटगेट (लिस्पचं माहिती वाचणारं फंक्शन) देतं तो बिंदू त्या ब्लॉकच्या स्वतःच्या अक्षांत असतो, लिस्पमध्ये ट्रान्स फंक्शनने वर्ल्डमध्ये आणावा लागतो.

एवढं करूनही निकाल दर वेळी वेगळा येत असेल तर ऑडिट चालवा, मग रिकव्हर. ऑडिटमध्ये पुन्हा पुन्हा तेच एरर निघत असतील तर सगळं नव्या कोऱ्या ड्रॉइंगमध्ये आणा आणि शीट नव्याने काढा.

इथे थांबा

उलट्या ब्लॉकांपर्यंत आलात आणि लिस्प दुसऱ्याने लिहिलेली असेल, तर ती लिहिणाऱ्याला किंवा लिस्प जाणणाऱ्याला बोलवा. अंदाजाने कंस बदलू नका. त्याला ड्रॉइंगची मूळ प्रत, हात न लावलेली शीट, चालवलेली स्क्रिप्ट आणि एफ-२ मधला मजकूर द्या.

सर्व्हेअरला बोलवायची वेळ वेगळी. सगळे ब्लॉक एकमेकांच्या मानाने बरोबर आहेत, पण जागेवरच्या हद्दीच्या दगडांशी जुळत नाहीत, आणि चूक मध्यापासून लांब जाल तशी वाढत जाते, अशा वेळी दोष ऑटोकॅडमध्ये नसतो. यूटीएमचं अंतर आणि जमिनीवर टेपने मोजलेलं अंतर मुळातच सारखं नसतं. सांगलीच्या आसपास झोनचा स्केल फॅक्टर आणि उंची मिळून हा फरक किलोमीटरला सुमारे ४५ सेंमी येतो, तीनशे मीटरच्या लेआउटला तेरा-चौदा सेंमी. अलाइन कमांडने स्केल करून तो ‘बसवला’ तर नकाशा छान दिसतो आणि प्लॉटचं क्षेत्रफळ बदलतं. मंजूर लेआउटमध्ये ते करायचं नाही.

दगड रोवून झाले असतील, हद्द शेजारच्या गटाला लागून असेल किंवा मोजणीच्या क प्रतीशी (भूमी अभिलेखच्या मोजणी नकाशाशी) नकाशा जुळत नसेल, तर स्क्रिप्ट बंद करा. हद्दीचा प्रश्न भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांच्या कार्यालयात मोजणीचा अर्ज करून सुटतो. तोपर्यंत त्या हद्दीलगतचे खांब वेगळ्या लेयरवर घ्या, तो लेयर लॉक करा आणि उरलेल्यांचं काम पुढे चालू ठेवा.